अकरा वाड्यांची गैरहजेरी

शके १९४६, चैत्र शुद्ध चतुर्दशी, सोमवार, दिनांक २२ एप्रिल २०२४ रोजी सकाळी साडेदहा वाजता, छत्रपती संभाजीनगर येथे, क्रांती चौकालगतच्या एका झेरॉक्स दुकानावरील खोलीत, 'मगरे तपास सेवा' ह्या पाटीखाली, नीरनियोजन कचेरीचे संचालक काकासाहेब ह्यांनी आपली तक्रार तोंडी मांडली. तोंडी म्हणायचे ते रीत म्हणून. वास्तविक ती त्यांनी घरी लिहून काढली होती, दोनदा तपासली होती, आणि आता ती ते पाठ म्हणत होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर निवृत्त हवालदार रामेश्वर सोनवणे टिपणे घेत होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने फिर्यादी पुष्कळ ऐकल्या होत्या; प्रत्येक स्वल्पविरामाला रीतसर थांबणारा फिर्यादी मात्र त्याला आज प्रथमच भेटत होता.

"आमच्या कचेरीकडे एकशे चाळीस गावे व वाड्या ह्यांच्या टँकरचे नियोजन आहे," काकासाहेब म्हणाले. "दररोज सायंकाळी उद्याची यादी सिद्ध होते. भरणा केंद्रावरील यंत्र ती वाचते आणि गावागावाची खेप-चिठ्ठी छापते. चिठ्ठी नाही, तर टँकर नाही. पाडव्यापासून एक दिवसाआड अकरा वाड्यांच्या चिठ्ठ्या निघत नाहीत. आणि ज्या दिवशी निघाल्या नाहीत, त्या प्रत्येक दिवसाची यादी एकाच व्यक्तीच्या हातची आहे."

"नाव?" शीला मगरे ह्यांनी विचारले. त्या पंचेचाळिशीच्या होत्या, आणि माणसाकडे पाहताना चष्मा काढत असत. चष्म्यातून पाहण्याजोगे त्यांना क्वचितच काही आढळे.

"रूपा दाभाडे. परवा शनिवारी बोरखिंडच्या वाडीत विहिरीत उतरताना अंबिका नावाच्या स्त्रीचा पाय मोडला. तिची सासू सकाळपासून आमच्या पायऱ्यांवर बसून आहे. आज चार वाजता मी रूपाविरुद्ध पोलिसांत तक्रार देणार. तक्रारीस आपला अहवाल जोडायचा आहे. तो प्रमाणभाषेत असावा."

"निष्कर्षही लिहून आणलाय? म्हणजे मला नुसती सही करायची."

"मसुदा आणला आहे," काकासाहेब म्हणाले आणि खरोखरच त्यांनी खिशात हात घातला.

उपरोध हा त्यांच्या आवडत्या अलंकारांत मोडत नसावा, असे रामेश्वरच्या मनात आले.

कचेरी बीड बायपासच्या पलीकडे होती. पाच वर्षांपूर्वी जिथे ज्वारी उभी असे, तिथे आता सात मजली इमारती उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या दारात बोअर मारणारी गाडी धूळ उडवत होती.

रिक्षात रामेश्वरने आपले गाऱ्हाणे सुरू केले. "महापालिकेच्या वेळापत्रकात आमच्या गल्लीचा वार सोमवार, मॅडम. वॉर्ड कार्यालयाच्या फळ्यावर मंगळवार. घरी हंडे मांडून बसलेत सगळे."

"आणि पाणी येतं कधी?"

"पाणी सोडणारा कारभारी व्हॉल्व्ह फिरवील तेव्हा. गल्लीच्या तोंडाशीच तर आहे व्हॉल्व्ह."

"मग दोन-दोन वेळापत्रकं कशाला वाचता, रामेश्वरराव? कारभारीचा चेहरा वाचा."

कचेरीच्या पायऱ्यांवर अंबिकाची सासू बानाबाई बसली होती. फर्दापूरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतली बोरखिंडची वाडी तिची. घरात मेंढरे, थोडी मका, बाकी मजुरी.

"तुमी पोलीस का?" तिने शीलाबाईंना विचारले.

"नाही, मावशी. सूनबाई कशी आहे?"

"घाटी दवाखान्यात हाय. पायात सळई टाकत्यात म्हने." तिने पदराने तोंड पुसले. "फर्दापूरला पानी येतंय. तिथं लॉजं हायेत. वरच्या गावाला येतंय, त्याच्यासाठी फोन येतो वरून. आमच्या मेंढरामागं कोनाचा फोन येनार? अकराच्या अकरा वाड्या अशाच हायेत, बाई. कोनी वाली नसलेल्या."

"आत सांगतात की मुलीनं मुद्दाम गाळल्या."

"मला ती पोरगी बघायची व्हती. बघितली. मला पानी आनून दिलं तिनं, आन् बसली समोर. काय बोलली नाय. खोटं कशाला सांगू, तिला शिव्या द्यायलाच आले व्हते."

आत एकच दालन होते. भिंतीवर काकासाहेबांच्या वळणदार अक्षरात आदेश लटकत होते: 'मोठ्याने बोलू नये.' 'निवेदन लेखीच द्यावे.' 'यादीची प्रत्येक ओळ पूर्ण ऐंशी घरांची असावी.' मधल्या टेबलावर सर्वांचा सामायिक संगणक होता. त्याच्या कपाळी हळदकुंकवाची बोटे होती आणि वाळून कोळ झालेला झेंडूचा हार अजून लोंबत होता.

प्रथम उलटतपासणी झाली ती अतुल सरांची. हे संगणकाचा क्लास चालवत आणि कचेरीचे तांत्रिक सल्लागार म्हणून दर सोमवारी येऊन सल्ला देत. शिकवण्याची सवय अंगी इतकी मुरलेली, की साधा प्रश्न विचारला तरी ते उत्तराआधी खडू शोधत.

"ऐंशी घरं म्हणजे?" शीलाबाईंनी विचारले.

"ऐंशी अक्षरांची जागा. केंद्रावरचं यंत्र जुनं आहे. ओळ ऐंशीला एकानं जरी कमी पडली, तरी ते ती ओळ सोडून देतं. तक्रार नाही, काही नाही. आधी गावाचं नाव, मग खेपा, शेवटचा रकाना शिफारशीचा. कोणाचा फोन आला ते तिथं लिहायचं. शिफारस नसेल, तर तिथं नुसत्या मोकळ्या जागा भरायच्या."

"आणि त्या अकरा ओळींच्या मोकळ्या जागा गेल्या."

"गेल्या. ओळ आखूड झाली. यंत्रानं टाकली. पडद्यावर बघाल तर काहीच कळणार नाही. मोकळी जागा असली काय आणि नसली काय, सारखीच दिसते."

"कशा गेल्या?"

अतुल सरांना ह्याच प्रश्नाची वाट होती. "रूपा ज्या एडिटरमध्ये लिहिते, त्यात एक सेटिंग असते. फाईल सेव्ह करताना ओळीच्या टोकाच्या मोकळ्या जागा झाडून टाकायच्या की ठेवायच्या. मी स्वतः तिच्या खुर्चीवर बसून पाहिलं. 'ठेवा' असंच आहे. म्हणजे यंत्रानं काढल्या नाहीत. म्हणजे हातानं काढल्या. सिद्ध!"

"अकरा ओळींच्या टोकांची मोकळी जागा, हातानं, दर दिवसाआड?"

"गुन्हेगार चिकाटीचे असतात, मॅडम."

"ही सेटिंग आणखी कुठे असू शकते?"

"सेटिंग म्हणजे सेटिंग. एका माणसाची एक."

शीलाबाईंनी चष्मा काढला आणि भिंतीवरचा ओलीचा डाग पाहावा तसे अतुल सरांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "रामेश्वरराव, त्या सामायिक संगणकावर यादीचं फोल्डर उघडा आणि आत काय काय आहे ते वहीत उतरून घ्या."

रामेश्वरने एका बोटाने, पण निष्ठेने, ते काम केले. फोल्डरात दोन फायली होत्या: 'नमुना' आणि 'यादी'. बाजूच्या माहितीच्या चौकटीत लिहिले होते: एकूण फायली तीन. त्याने वहीत 'तीन' लिहिले, पुन्हा पडद्यावर मोजले, दोनच भरल्या. तेव्हा स्वतःवर चिडून त्याने 'तीन' खोडून 'दोन' केले.

दुसरे बन्सी. अठ्ठावन्न वर्षांचे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारची यादी करणारे. सोमवार, बुधवार, शुक्रवार रूपाचे. रविवारची यादीही बन्सी शनिवारीच करून ठेवत.

"तुमच्या दिवशी एकही वाडी पडत नाही," शीलाबाई म्हणाल्या.

"नाय पडत. मी ह्या साध्या पाटीवर लिहितो." त्यांनी पडद्यावरची एक पांढरी फटक खिडकी दाखवली. "संगणकासोबत फुकट आलेली हाय. हिला ना रंग, ना अक्कल. लिवलं तसं ठेवते. ते नवं एडिटर-फेडिटर आपल्याला नाय झेपत."

"रूपाच्या खुर्चीवर कोणाचा डोळा होता का?"

"माझाच व्हता. भाच्याला लावायचं व्हतं." बन्सी मोकळेपणाने हसले. "दोन साल झाले, साहेबांच्या मागं लागलो. साहेब म्हनले, भाच्याचा अर्ज अशुद्ध हाय. मग नाद सोडला. त्यापायी कोनाचं पानी तोडीन व्हय मी? माझी बहीन सिल्लोडकडच्या वाडीत दिली. त्या अकरातच हाय ती वाडी."

"काम कसं करता दोघं?"

"दोघं बी सारखंच. 'नमुना' उघडायचा, आकडे बदलायचे, 'यादी' नावानं सेव्ह करायचं. 'नमुन्या'ला हात लावायचा नाय."

तिसरी रूपा. सव्वीस वर्षांची, ताठ बसलेली. समोरचा कळफलक तिने पुसून ठेवला होता, जणू खुर्ची सोपवूनच जायचे होते.

"दोन वर्षं ह्याच एडिटरमध्ये करते, ताई. पाडव्याच्या आधी एक ओळ पडली नाही."

"पोलीस केस झाली तर?"

रूपाचा आवाज प्रथमच हलला. "तलाठी परीक्षेच्या निवड यादीत नाव आहे माझं. चारित्र्य पडताळणी बाकी आहे. केस झाली की ते गेलं. बाबा वस्तीत पेढे वाटून बसलेत."

"संशय आला होता कशाचा?"

"आला. नव्या फोल्डरातल्या पहिल्या यादीच्या दुसऱ्याच दिवशी, अकरा तारखेला. साहेबांना लेखी दिलं. इथं तोंडी चालत नाही."

"मग?"

"परत आलं. तपासून."

तिने खणातून एक कागद काढला. रामेश्वरला लांबून फक्त लाल शाई दिसली, आणि ती पुष्कळ दिसली. शीलाबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला राग म्हणता आले नसते; रागात समोरच्याविषयी थोडीतरी अपेक्षा शिल्लक असते.

शेवटी काकासाहेब. फिर्यादीलाही प्रश्न विचारले जातात, हे पाहून ते किंचित दुखावले.

"हा हार कसला?" शीलाबाईंनी सामायिक संगणकाकडे बोट केले.

"पाडव्याचा. नववर्षी यादीचे नवे फोल्डर मी स्वहस्ते, मुहूर्तावर स्थापतो. ही आमची प्रथा. पूजा होते, पेढा ठेवला जातो, मग फोल्डर."

"कोरं फोल्डर?"

"कोरे कसे चालेल? कोऱ्याला पूर्वपुण्य नसते. माझ्या 'लेखसंग्रह' फोल्डराची मी प्रत केली. त्या फोल्डरातून वृत्तपत्रांस गेलेल्या माझ्या पत्रांपैकी सत्तावीस छापून आली. संपादकांनी एक अक्षर बदलले नाही. इतके शुभ फोल्डर ह्या कचेरीत दुसरे नाही. प्रत केली, आतले सर्व लेखन काढून टाकले, आणि त्यात 'नमुना' ठेवला."

"आतलं सगळं काढलं?"

"मी डोळ्यांनी पाहिले. एकही वस्तू दिसत नव्हती."

"तुमच्या लेखनात चूक सापडत नसेल."

काकासाहेब प्रसन्न झाले. "चूक तर नाहीच, माझ्या लेखनात ओळीच्या टोकाला एक फाजील मोकळी जागादेखील सापडणार नाही. तो गबाळेपणा मला सहन होत नाही. गतवर्षी मी अतुल सरांकडून तसा कायमचा बंदोबस्त करवून घेतला. अर्थात, माझ्या लेखांपुरता."

शीलाबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. रामेश्वरने ओळखले, की प्रकरण संपले. कसे संपले, हे मात्र त्याला अजिबात कळले नव्हते.

तीन वाजता सर्वजण सामायिक संगणकाभोवती उभे राहिले. शीलाबाईंनी पायऱ्यांवरून बानाबाईला आत बोलावून खुर्ची दिली. काकासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. पण 'बाहेरच्यांनी बसू नये' अशी पाटी लावायची राहून गेली होती.

"रूपा, आजची यादी कर. आमच्या डोळ्यांसमोर."

रूपाने 'नमुना' उघडला, दोन आकडे बदलले आणि 'यादी' म्हणून सेव्ह केला.

"आता दोन्ही फायलींचं वजन, म्हणजे आकार, वाचा, अतुल सर."

अतुल सर वाकले. "नमुना... आणि यादी... यादी हलकी आहे."

"तिनं काही खोडलं?"

"नाही. म्हणजे... दिसलं तरी नाही."

"आता मी इथं शेजारी एक नवं फोल्डर करते. मुहूर्ताशिवाय, पेढ्याशिवाय. रूपा, तीच यादी, त्याच एडिटरमध्ये, ह्यात सेव्ह कर."

ह्या वेळी वजन तसूभरही घटले नाही.

"माणूस तोच, एडिटर तोच, मजकूर तोच. बदललं फक्त फोल्डर. रामेश्वरराव, पाडव्याच्या फोल्डरात किती फायली?"

"दोन, मॅडम."

"वहीत आधी काय लिहिलं होतं?"

रामेश्वरचे कान तापले. "तीन. पण ते मी खोडलं. डोळ्यांना दोनच दिसल्या."

"संगणक तीन म्हणत होता, आणि तुम्ही त्याला चूक ठरवलंत. इथल्या सगळ्यांपेक्षा तुम्ही सत्याच्या जवळ होतात. निदान लिहून तरी ठेवलंत. अतुल सर, ह्या संगणकावर नावाआधी टिंब असलेली फाईल दिसते का?"

अतुल सरांचा चेहरा बदलू लागला. "नाही. ती लपलेली राहते. मुद्दाम दाखवायला सांगावं लागतं."

"सांगा."

त्यांनी दोन कळा दाबल्या. 'नमुना' आणि 'यादी' ह्यांच्या वर तिसरे नाव उगवले. शीलाबाईंनी ती फाईल उघडली. आत चार ओळी होत्या. पहिली: 'लेखसंग्रहासाठी. अतुल सर.' तिसरीचा आदेश असा होता, की ह्या फोल्डरात सेव्ह होणाऱ्या प्रत्येक फाईलमधील ओळींच्या टोकाच्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात.

"हा काकासाहेबांचा कायमचा बंदोबस्त," शीलाबाई म्हणाल्या. "मूळ फोल्डराची प्रत केली, तेव्हा हाही सोबत आला. दिसणारं सगळं काढलं. हा दिसत नव्हता, म्हणून राहिला. शुभ फोल्डराचं पूर्वपुण्य ते हेच."

"पण मॅडम," रामेश्वर म्हणाला, कारण कोणीतरी विचारायलाच हवे होते, "रूपाताईच्या सेटिंगमध्ये 'ठेवा' आहे. इथं 'काढा' आहे. एका एडिटरला दोन उलटे हुकूम. त्यानं ऐकायचं कोणाचं?"

"तुमच्या गल्लीत पाणी कोणत्या वारी येतं? महापालिकेच्या, की वॉर्डाच्या?"

"कारभारी..." रामेश्वर थबकला. "जो व्हॉल्व्हाजवळ आहे, त्याच्या!"

"तसंच. रूपाची सेटिंग तिच्या सगळ्या कामांसाठी, ती लांबची. ही फाईल यादीच्या उशाशी बसलेली. असं भांडण झालं, की हा एडिटर फाईलच्या जवळच्याचं ऐकतो. अतुल सरांनी लांबचा हुकूम वाचला आणि जवळच्याचा शोध घेतला नाही. जवळचा त्यांनी स्वतःच लिहिला होता, हे तर ते विसरूनच गेले."

"वर्ष झालं त्याला," अतुल सर पुटपुटले.

"तुमच्या क्लासची फी परत मागायला मुलांना तेवढं पुरे आहे. बन्सीभाऊंची साधी पाटी असल्या फायली वाचतच नाही, म्हणून त्यांच्या दिवशी टँकर गेला. ज्या गावांच्या ओळीत शिफारस लिहिलेली, त्यांचं टोक रिकामं नव्हतं. झाडायला तिथं काही सापडलं नाही. ज्यांची शिफारस कोणी केली नाही, त्यांचंच टोक रिकामं, त्यांचीच ओळ आखूड, त्यांचंच पाणी बंद. अकरा वाड्या कोणी निवडल्या नाहीत. 'वाली नसलेल्यास पाणी देऊ नये' अशा चौथ्या आदेशाची ह्या कचेरीला गरजच नव्हती, एवढी इथली शिस्त चोख आहे."

काकासाहेबांनी घसा साफ केला. ते बरेच सावरले होते. "तर मग हा यंत्रदोष ठरतो. मनुष्यदोष नव्हे. रूपाविरुद्धची तक्रार मी मागे घेतो, आणि अहवालात 'कोणीही दोषी नाही' असे नमूद व्हावे. विषय संपला."

"एक कागद राहिला," शीलाबाई म्हणाल्या आणि पर्समधली घडी उलगडली. "अकरा एप्रिल. मूळ मजकूर रूपाचा. 'साहेब, नव्या फोल्डरमध्ये यादी सेव्ह केली की तिचं वजन कमी होतंय. जुन्या फोल्डरमध्ये होत नाही. फोल्डर एकदा तपासावं. काही वाड्यांचं पाणी अडेल.' आता लाल शाई. 'फोल्डर' तीनदा खोडून तीनदा 'संचिकाकोष'. 'होतंय' खोडून 'होत आहे'. 'तपासावं' खोडून 'तपासावा'. 'अडेल' ह्याखाली रेघ, समासात शेरा: शब्द ग्राम्य. आणि तळाशी, सहीसह: 'भाषा सुधारून पुन्हा सादर करावे.'"

काकासाहेब कागदाकडे पाहत होते. त्यांची नजर, रामेश्वरने पाहिले, अजूनही ओळीओळीने शब्दांवरूनच फिरत होती.

"प्रत्येक अक्षर वाचलंत," शीलाबाई म्हणाल्या. "वाक्य एकही वाचलं नाहीत. अहवाल मी लिहीन. पण तो तुमच्या मसुद्यातून नाही. आणि 'कोणीही दोषी नाही' हे मी ठरवणार नाही. ज्यांचं पाणी गेलं, त्या इथं बसल्यात."

बानाबाई उठली. ती रूपाजवळ गेली आणि लाल कागदाकडे बोट करून विचारले, "हे तू दिलं व्हतंस? पानी अडंल म्हनून?"

"हो, मावशी."

"कवा?"

"अकरा तारखेला."

"आन् माझी सून पडली ईस तारखेला." तिने बोटांची पेरे मोजली, नऊ भरली. मग ती काकासाहेबांकडे वळली, आणि पाटीवरच्या आदेशाला न जुमानता मोठ्याने म्हणाली,

"पोरीचा दोष नाय. दोष ह्या मानसाचा."